गाडीच्या वयाचा जॅक

जुना जॅक तिरका झाला आणि गाडी माझ्या नवऱ्याच्या अंगावर आली. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि ते हलत नव्हते.

हे देवासच्या आमच्या अंगणात घडलं. ह्यांनी दुरुस्त केलेली दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार दुसऱ्या दिवशी धारला, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची होती. मागच्या वेळी परीक्षकाने डिकीतला जॅक मूळचा नाही म्हणून गुण कापले होते. ते ह्यांना फार लागलं. मनावर गावच्या भंगारवाल्याकडून ह्यांनी गाडीच्या वयाचा जॅक मिळवला, आणि तो चालतो का हे बघायला त्याच्यावरच गाडी उचलली. चाक काढलं आणि खालचं तेल पुसायला आत शिरले.

“अहो, काढलेलं चाक तरी गाडीखाली सरकवा,” मी म्हटलं.

“तू परीक्षक आहेस का?”

“नाही. पण मला विधवा व्हायची घाई नाही.”

ते हसले. चाक मीच आडवं करून खाली ढकललं.

आता गाडी त्या चाकावर टेकली होती, पण उरलेल्या फटीत माणूस मावतो का, हे मला कळेना. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारचा टेम्पोवाला आपला जॅक घेऊन धावत आला.

“भिया, हिलना मत!” तो वाकून ह्यांना ओरडला.

तेव्हा खालून बारीक आवाज आला, “रंग खरचटला का गं?”

“खरचटला,” मी म्हटलं. मी बघितलंसुद्धा नव्हतं.

बरगड्या मोडल्या. गाडी धारला गेली नाही. नवरा वाचला.