वीस मिनिटांचा मंगळ

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला मूल झालं की पेढ्यांच्या आधी बाबांकडे जन्मवेळ यायची. बाबा मुंबईत एका कचेरीत कारकून, पण रविवारी आंघोळ करून पंचांग उघडलं की त्यांचा रुबाब कलेक्टरचा. निळ्या पेनाने घरं आखायची, लाल पेनाने ग्रह भरायचे. दक्षिणा घ्यायचे नाहीत, चहा मात्र दोनदा लागायचा. माणिकपूरला कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारं दुकान निघालं तेव्हा ते म्हणाले, "यंत्राला काय कळतंय माणसाचं?" त्यांचा हा तोरा मला आवडायचा आणि कधी कधी डोक्यातही जायचा.

माझी पत्रिकाही त्यांनीच केलेली. एकही दोष नसलेली, कुणाच्याही हातात बिनधास्त द्यावी अशी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वालीवला एका लहान कारखान्यात मालाची चलनं टाइप करायला जायचे. तिथला सुपरवायझर इथलाच, खाडीकाठच्या शेतकरी घरातला. त्याच्या डब्यातली सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोळंबीची, चटणी निम्मी मीच संपवायचे. एकदा डबा झाकताना तो म्हणाला, "उद्यापासून दोन डबे आणतो." दुसऱ्या दिवशी खरंच दोन आणले. मी प्रेमात पडले ती अशी, खाऊनपिऊन. पुढे कारखान्याची सहल चिंचोटीला गेली, तिथे त्याने लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हणायला पाच सेकंदही घेतले नाहीत.

जातीवरून दोन्ही घरांत महिनाभर तोंडं फुगली, मग निवळली. आता पत्रिका पाहायची तेवढी बाकी होती. रीतीप्रमाणे आधी मुलीची गेली. आठ दिवसांनी तो कारखान्याच्या गेटवर भेटला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला. त्याला कडक मंगळ होता. माझ्या पत्रिकेत नव्हता. मंगळाच्या मुलाला मंगळाचीच मुलगी लागते, नाहीतर बायको जगत नाही, अशी त्याच्या आईची पक्की समजूत. तिची थोरली सून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काविळीने गेली होती आणि तिचीही पत्रिका जुळली नव्हती.

मी घरी येऊन रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबा यावर काहीतरी तोडगा काढतील. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुला मंगळ आहे. सातव्या घरात."

तुझी जन्मवेळ मी वीस मिनिटं पुढे लिहिली, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्याने लग्नरास बदलते आणि मंगळ सातव्यातून सहाव्या घरात सरकतो, तिथे त्याचा दोष धरत नाहीत. त्यांची सख्खी बहीण, माझी आत्या, याच सातव्यातल्या मंगळापायी बिनलग्नाची राहिली होती. तिच्यासाठी आलेलं एकेक स्थळ परत जाताना बाबांनी पाहिलं होतं. मी बारा दिवसांची असताना त्यांनी माझी पत्रिका मांडली आणि तिचं सगळं त्यांना माझ्या पाळण्यात दिसलं.

मंगळ आहे म्हटल्यावर आनंदाने उडी मारणारी मी बहुधा पहिलीच मुलगी. लगेच मागून राग आला. इतकी वर्षं लोकांच्या मुलांच्या पत्रिका मिनिटा-सेकंदाने मांडणारा माणूस, आणि घरच्या मुलीची खोटी! मी नको नको ते बोलले. ते म्हणाले, "रविवारी जाऊ. मी स्वतः सांगतो त्यांना."

त्यांच्यासाठी ते केवढं होतं, हे मला आज कळतं. वाडीतल्या त्या घराच्या ओट्यावर, मुलाची आई आणि त्यांचे भटजी यांच्यासमोर बाबांनी खऱ्या वेळेची पत्रिका ठेवली आणि आपण काय केलं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. भटजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. गणित दोन्हींचं बरोबर होतं. जन्माच्या दाखल्यावर वेळ नव्हती, मी जन्मले ते हॉस्पिटल कधीच बंद पडलं होतं, आणि घड्याळ पाहिलं होतं ते फक्त बाबांनी.

त्याची आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुमी बापूस हाय. तवा पोरीसाठी खोटं लिवलं. आता पन पोरीसाठीच लिवलं नसल, हे मी कशावरून धरू?"

बाबांनी दोन्ही कागद उचलून घडी घातली.

मग तिने मला जवळ ओढलं आणि माझ्या गालावर हात ठेवला. "बाय, तू मना आवडलीस. पन एक पोर माझ्या हातातून गेली. आनखी कोनाची पोर मी अशी घालवनार नाय." ती रडत होती. मला तिचा इतका राग आला होता, आणि तरी तो हात गालावरून काढावासा वाटेना.

बाबा रिक्षा बघायला पुढे गेले. तो मला सोडायला कुंपणापर्यंत आला. मला वाटलं, आता हा म्हणेल की पत्रिका गेली खड्ड्यात. त्याने हळूच विचारलं, "खरी कुठली गं?"

मी म्हटलं, "दुसरी. आणि ती खरी नसली, तर लग्न नाही करणार?"

तो केळीची पानं बघत होता. तो काही बोलेल म्हणून मी थांबले, आणि मग नुसतीच थांबले.

रिक्षात बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलो गं मी. तुझं लग्न मी मोडलं." त्यांनी त्यानंतर कुणाचीही पत्रिका केली नाही. बिल्डिंगमधले लोक यायचे, त्यांना ते डोळ्यांचं कारण सांगायचे. माझं पुढे दुसरीकडे लग्न झालं, बरं झालं, पण त्यांनी स्वतःला माफ केलं नाही. जाईपर्यंत ते हेच धरून बसले होते.

कुंपणापाशी काय झालं ते मी त्यांना सांगायला हवं होतं. ‘तुम्ही नाही, त्यानेच मोडलं,’ एवढ्या एका वाक्याचं काम होतं, त्यांच्या जिवाला किती हलकं वाटलं असतं. पण सांगितलं असतं तर तो मुलगा त्यांच्या मनातून उतरला असता, आणि ते मला सोसलं नसतं.