चावी कोण फिरवतं

बायकोला यातलं अर्धं माहीत आहे, पोलिसांना त्याहून कमी. सगळं कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. मध्येच थांबलो तर जरा धीर धरा. मी आडवाटेने येणाऱ्यातला आहे, पण येईन.

आधी हे सांगायला हवं की मी रागीट माणूस आहे. लोकांना ते दिसत नाही. मी हळू बोलतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांच्या पिशव्या धरतो. पण रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं, की त्याचं डोकं मीटरवर आपटावंसं वाटतं — अगदी खरं वाटतं, हात शिवशिवतात — आणि तोंडाने मी म्हणतो, "राहू द्या दादा." बायको कौतुकाने सांगते, यांना राग म्हणून येत नाही. येतो. रोज येतो. गिळलेला राग जातो कुठे, हे तिने कधी विचारलं नाही.

मुंबईत नोकरी, पनवेलला घर. आमची सोसायटी गावाला अगदी खेटून आहे. आमची कंपाउंडची भिंत संपते तिथे त्यांची पहिली गल्ली सुरू होते. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो हे बिल्डरने जाहिरातीत छापलं होतं, नळाला पाणी येत नाही हे छापायला विसरला. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. काही वर्षांपूर्वी पालिकेने आमच्या भागातल्या सेवांचा आढावा घ्यायचं ठरवलं — पाणी, गटारं, दिवे, दवाखाना. लोकांच्या करातून जे खर्च होतं त्याच्या बदल्यात लोकांना काय मिळतं, कोणतं काम स्वतःच्या माणसांकडे ठेवावं, कोणतं ठेकेदाराला द्यावं, असा सगळा विचार. त्यासाठी नागरिकांचे प्रतिनिधी घेतले आणि सोसायट्यांकडून माझं नाव गेलं. मला आनंद झाला. कंपनीत मी हेच करायचो. कुठलं खातं पोसायचं, कुठलं बंद करायचं, ते सांगायचो. फरक एवढाच की तिथे माणूस काढला तर त्याचं नाव पडद्यावरून जातं. रक्त येत नाही.

आमच्या भागात पाणी सोडायचं काम बाळाराम करायचा. त्याला सगळे चावीवाला म्हणत. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन सकाळी फिरायचा, रस्त्यातली झाकणं उघडायचा, चावी आत घालून पिळायचा, की त्या गल्लीला पाणी. माणूस गोड नव्हता. आडदांड, तोंडात सदा तंबाखू, बोलण्यात शिव्या. गावातल्या लग्नात त्याला पुढची खुर्ची लागायची. नाही दिली तर दुसऱ्या दिवशी त्या घराकडे पाणी उशिरा पोचायचं, असं लोक म्हणत. माझ्याहून वयाने मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. तोही मला 'सर' म्हणायचा ते असं काही लांबवून, की शिवी बरी. आमचं जमत नव्हतं. हे मी त्याच्यावर ढकलायला सांगत नाही. गावाला त्याच्याबद्दल काहीही पटलं असतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून सांगतो.

आता पंपाचं. हे बायकोला माहीत आहे.

पहिल्या उन्हाळ्यात टँकरपुढे भांडणं झाली तेव्हा मी सोसायटीच्या जोडणीवर थेट मोटार बसवून घेतली. ते चालत नाही, गुन्हा आहे. लाइनला पाणी आलं रे आलं की आमची मोटार ते ओढून घ्यायची आणि आमच्या पुढच्या गावाला नळातून नुसती हवा यायची. जनरेटरच्या खोलीत, जुन्या दारांच्या मागे ती लपवली होती. सोसायटीत म्हणायचे, सरांनी प्रेशर आणलं. गावातल्या बायका हंडे घेऊन आमच्या गेटसमोरून हायवेपलीकडे जायच्या. मी कामावर जाताना त्या दिसायच्या. दिसायच्या म्हणजे काय — मी गाडीची काच वर करायचो.

आमच्या वॉचमनने एकदा पिऊन बाळारामला हे सांगितलं. आढाव्याच्या जाहीर बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तो गेटवर येऊन उभा राहिला. आवाज मुद्दाम चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"सर, तुमची मोटार मी बगितली. गाव मला शिव्या घालतंय, आनि पानी तुमी पिताय. उद्या सायबासमोर सगल्यांना सांगनार. तुमी लई हिशोब शिकवता ना लोकांना?"

मी म्हणालो, "उद्या बघू."

घाबरलो का? हो. जोडणी तुटली असती, गुन्हा नोंदला असता, आढाव्यात मिरवणाऱ्या माणसाचं तोंड काळं झालं असतं. पण नुसती भीती असती तर मी त्याचे पाय धरले असते. मला संताप आला होता. हा तंबाखू थुंकणारा माणूस मला — मला — उभं करणार? मी बराच वेळ तिथेच उभा होतो आणि मनात त्याला मारत होतो.

बैठक समाजमंदिरात होती, सकाळी. गाव लोटलं होतं. बायका रिकामे हंडे घेऊन पुढे सतरंजीवर, पुरुष भिंतींना टेकून. स्टेजवर पालिकेचे साहेब आणि आम्ही प्रतिनिधी. साहेबांनी एकेक सेवा घेतली. पाणी आलं तेव्हा हॉल उसळला. आम्ही कर भरतो, पाणी कुठे जातं? उन्हाळ्यात घरटी माणसं आजारी पडली, पाणी कुठे जातं? दाराशी चावी भिंतीला टेकवून बाळाराम उभा होता. तो पुढे यायला निघाला. मी त्याला पाहिलं, आणि माईक माझ्यासमोर होता.

मी म्हणालो, "पाणी भरपूर आहे. लाइनही चांगली आहे. चावी कोण फिरवतं, तेवढं बघा."

एवढंच. नंतर पोलिसांना मी समजावलं की आपल्याकडे असं बोलायची पद्धत आहे. चावी फिरवणारा म्हणजे वरून सूत्रं हलवणारा, मला वरच्या लोकांबद्दल म्हणायचं होतं, गैरसमज झाला. त्यांना ते पटलं. वाक्य मी तसंच निवडलं होतं — पकडलो गेलो तर सुटता यावं असं. पण ते बोलताना मी त्याच्याकडे बघत होतो. सगळा हॉल माझी नजर गेली तिकडे वळला.

आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. खुर्च्या उडाल्या. बायकांनी हंड्याने मारलं, चपलांनी मारलं. तो तगडा होता, त्याने दोघांना लोळवलं, म्हणून लोक आणखी चिडले. एकाने त्याचीच चावी उचलून त्याच्या कोपरावर घातली. हाड तुटल्याचा आवाज मी स्टेजवरून ऐकला. त्याची बायको गर्दीत घुसून त्याच्यावर आडवी पडली, तर केसांना धरून तिला ओढून काढलं. साहेब मागच्या दाराने निघून गेले. फरशीवर रक्त, त्यात फुटलेल्या बांगड्या, त्यात लोकांचे पाय घसरत होते.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की, मी स्टेजवरून उतरलो आणि मारामारी सोडवायला आत शिरलो. माझा शर्ट फाटला होता. त्याचे फोटोही आहेत.

पुढचं सांगतो, मग तिथे परत येतो. यावंच लागेल.

त्याच आठवड्यात मी मोटार काढून टाकली. भीती वाटली, दुसरं काही नाही. आणि गावाला पाणी आलं. चक्क आलं, टोकाच्या घरापर्यंत. गाव म्हणालं, बघा, चावीवाला गेला आणि पाणी आलं. आता याला काय म्हणायचं? मी चोरी थांबवली आणि त्यानेच माझं खोटं खरं ठरलं. आढाव्यात लिहिलं गेलं की पाणी सोडायचं काम ठेकेदाराकडे दिल्यापासून सेवा सुधारली, तक्रारी थांबल्या. दुसऱ्या भागांनाही हेच करा म्हणून आमचं उदाहरण देतात. गावाने मला शाल दिली. ती घेताना मी वाकलो, नम्र दिसलो. ज्या बायकांकडे बघून मी काच वर करायचो त्यांनीच ओवाळलं.

बायको म्हणाली, तुम्ही मोटार काढलीत ना, झालं तर मग, चूक सुधारली. मी हो म्हटलं. तिला एवढंच माहीत आहे.

आता ते.

मी सोडवायला शिरलो नव्हतो. वरून मला दिसलं की तो मार खाता खाता काहीतरी बोलतोय. आधी ऐकू आलं नाही, मग आलं. "मोटार." तोंडात रक्त, तरी तेच. "मोटार... सरांची..." जवळच्या एकाने हात थांबवला, ऐकायला वाकला. तेव्हा मी उतरलो. माणसं ढकलत आत गेलो. बाळाराम कुशीवर पडला होता, त्याने मान वर करून मला पाहिलं आणि तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर लाथ मारली. ऑफिसचा बूट होता, जाड टाचेचा. पूर्ण जोर लावून मारली. जबडा पायाखाली सरकला ते मला बुटातून कळलं. मग आणखी एक मारली, तिची गरज नव्हती. तो केव्हाच गप्प झाला होता.

गर्दीत पाय कुणाचा ते कळत नाही. ऐकायला वाकलेला माणूसही त्या रेट्यात बाजूला फेकला गेला होता. मग मी खाली बसलो, बाळारामचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडलो, "अरे मारू नका." फोटो तेव्हाचे आहेत.

आणि ऐकायचंच असेल तर ऐका — मला बरं वाटलं. लाथ बसली त्या क्षणी, इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं बाहेर पडल्यासारखं अंग हलकं झालं. त्याची लाज मला नंतर वाटली, पण बरं आधी वाटलं.

गावातल्या दोघांना अटक झाली. एकाने कोपर तोडलं होतं हे खरं. दुसऱ्यावर जबड्याचा आरोप आला, का ते त्यालाही कळलं नाही, गर्दीत सगळ्यांनीच मारलं म्हणून त्यानेही तो नीट नाकारला नाही. खटला अजून चालू आहे. या दुसऱ्याची नोकरी त्यातच गेली. भेटला की वाकून म्हणतो, "सर, तुमच्यामुले गावाला पानी आलं."

जबडा तारांनी बांधलेला होता तोवर बाळाराम बोलू शकत नव्हता. तारा काढल्यावर त्याने जबाबात माझं नाव घेतलं, मोटारीचंही सांगितलं. पोलिसांनी मला बोलावून चहा दिला. हसत हसत विचारलं, कारण विचारावं लागतं म्हणून. जनरेटरच्या खोलीत तेव्हा नुसती दारं होती. वॉचमनला मी आधीच गावी पाठवलं होतं. मी म्हणालो, "बिचाऱ्याच्या डोक्याला मार लागलाय. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही." अधिकारी उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला. अशी माणसं हवीत म्हणाले.

बाळाराम अजून आहे. हात कोपरात वाकत नाही. पेज पितो, भाकरी चावता येत नाही. जबडा वाकडा जुळला, त्यामुळे बोलणं फुटकं येतं, ओळखीच्यांनाही अर्धंच कळतं. सकाळी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी बसतो आणि जो भेटेल त्याला सांगतो — सरांनी मारली, लाथ सरांनी मारली. लोक हो हो म्हणतात आणि पाठमोरे झाले की कपाळाशी बोट फिरवतात.

कालही सांगत होता. मी तिथेच चहा पीत उभा होतो. टपरीवाल्याने माझ्याकडे बघून, मला ओशाळं वाटू नये म्हणून, एक डोळा मिचकावला आणि हसला. मीही हसलो.