दुपट्ट्याआडचे मामाजी

मी माझ्या सासऱ्यांना ऐन मे महिन्यात वाघाच्या रस्त्यावर सोडून आलो आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच एका गृहस्थांना घरी आणलं. हे मी मुद्दाम केलं नाही. पण मुद्दाम न करता माणसाच्या हातून काय काय होऊ शकतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्याकडे यावं!

आधी माझा मूळ गुन्हा सांगतो. चार वर्षांपूर्वी मला ऊन लागलं. दोन दिवस मी पंख्याशी बोलत होतो म्हणे. त्यातून उठलो तो उपदेशक होऊनच. उन्हाळ्यात कपडे पांढरे हवेत, सुती हवेत, सैल हवेत. बाहेर पडताना डोक्याला, कानांना, नाकातोंडाला दुपट्टा असा गुंडाळावा की फक्त डोळे दिसले पाहिजेत. खिशात कांदा. उन्हात तोंड उघडायचं नाही, घसा कोरडा पडतो. हे मी शाळेतल्या मुलांना सांगितलं (मी पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका खेड्यात मास्तर आहे), त्यांच्या पालकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. दूधवाला मग आमच्या गल्लीत लवकर येऊन लवकर जाऊ लागला.

ऐकले नाहीत ते फक्त मामाजी, म्हणजे माझे सासरे दौलतराव. बल्लारपूरला राहतात, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचा एक तपकिरी टेरीकॉटचा सफारी होता. बारा महिने तोच. पांढरं अंगावर चढायचं ते फक्त बुद्धपौर्णिमेला. मे महिन्यात त्यांना त्या सफारीत पाहिलं की मलाच घाम फुटायचा.

"मामाजी, सत्तेचाळीस डिग्री आहे. हे कापड म्हणजे भट्टी!"

"जवाईबुवा, खाणीत जल्म गेला माह्या. भट्टी मले भेते, मी भट्टीले नाई."

मागच्या हिवाळ्यात ते आमच्याकडे मुक्कामाला असताना तो सफारी दोरीवरून नाहीसा झाला. माकडांनी नेला, असं ठरलं. मी लगेच त्यांना पांढऱ्या सुती कापडाचे तीन जोड शिवून पाठवले, सोबत दोन दुपट्टे. मग रोज फोन. शेवटी ते म्हणाले, "घालतो बाप्पा! पन फोन ठेव."

आणि मे महिन्यात ते आमरस खायला आमच्याकडे निघाले.

आमचं गाव मुख्य रस्त्यापासून सहा किलोमीटर आत, मधे सगळं जंगल. बस फाट्यावर सोडते. फाट्यावर एक निवारा, एक पानठेला, एक हापशी आणि 'वाघाचा वावर आहे, एकट्याने थांबू नये' असा फलक. नेटवर्क नाही. त्या आठवड्यात वाघ रस्त्यावर तीनदा दिसला होता. बायकोने, सुनंदाने, सकाळपासून चारदा बजावलं, "बस बारा वाजता येते. तुम्ही पावणेबारालेच जाऊन थांबा. बाबाले बीपी हाये." मी निघालोही असतो. पण मला दुपट्टा नीट गुंडाळायला वीस मिनिटं लागतात.

पोहोचलो तेव्हा बस गेलेली. निवाऱ्यात एकच माणूस उभा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरा दुपट्टा, फक्त डोळे उघडे. मला भरून आलं. अखेर ऐकलं! तंतोतंत ऐकलं!

"जयभीम मामाजी! उशीर झाला, माफ करा. बसा!"

"हूं," मामाजी म्हणाले आणि मागे बसले.

तोंड उघडायचं नाही, हेसुद्धा पाळलं होतं. इतका आज्ञाधारक सासरा मागे बसलेला, आजूबाजूला पानगळ झालेलं सागाचं जंगल, आणि माझं मन आधीच अपराधी. मला राहवलं नाही.

"मामाजी, एक सांगायचं होतं. तो सफारी माकडांनी नाही नेला."

"हूं."

"मीच कापला. गाडी पुसायला घेतला. पॅन्टचा अजून एक पाय शिल्लक आहे."

"हूं."

एवढंच! ना राग, ना शब्द! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी सुटलोच. त्यांच्या स्वयंपाकाला मागे एकदा नावं ठेवली होती ते सांगितलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलो नाही तेव्हा आजारी नव्हतो हेही सांगितलं. प्रत्येक पापाला एक "हूं". सहा किलोमीटरमध्ये मी एवढा हलका झालो की गाडीचं ॲव्हरेज वाढलं असेल.

घरी पोहोचलो. मी आधी माझा दुपट्टा आणि सदरा काढून फेकला, हाफपँट आणि बनियनवर आलो. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाया पडायला वाकली. मामाजींनी दुपट्ट्याचा एक वेढा सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडला...

तांब्या खाली पडला.

"हे कोन?" सुनंदा म्हणाली.

मिशा होत्या. मामाजींना मिशा नाहीत.

ते गृहस्थ शांतपणे अंगणाच्या कोपऱ्यात गेले, तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तोबरा, थुंकून आले आणि हात जोडून म्हणाले, "जय सेवा. मी बकाराम. मले वाटलं, गोविंदानं पाठवलं तुमाले." (गोविंदा म्हणजे पुढच्या गावातला त्यांचा भाचा. तो त्यांना न्यायला येणार होता आणि साफ विसरला होता.)

"मग बोलले काऊन नाई?" मी ओरडलो. घाबरलो की माझीही शाळेची भाषा सुटते.

"तोंडात खर्रा होता ना भाऊ. अन् तुमी बोलू द्याल तं! मानूस इतकं मनातलं सांगून राह्यला, मंधात कसं थुंकाव?"

"तिथं आनखी कोनी होतं का?" सुनंदाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"होता एक बुढा. हापशीवर दुपट्टा ओला करून राह्यला होता. आमी निंगालो तं मागून धावला, लय हात हालवला त्यानं."

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मले वाटलं, टाटा करून राह्यला."

माझ्या कानांवर दुपट्ट्याचे चार वेढे होते. मामाजींनी हाका मारल्या असतील, मला काही ऐकू आलं नव्हतं. तो तपकिरी सफारी असता तर दोन फर्लांगांवरून ओळखले असते! मीच त्यांना सगळ्या जिल्ह्यासारखं पांढरं करून ठेवलं होतं.

सुनंदा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पाऊन तास झाला. चौऱ्याहत्तर वर्साचा मानूस हाये. जा. बाबाले घेतल्याबिगर येऊ नका."

मी तसाच पळालो. बनियन, हाफपँट, उघडं डोकं. पांढरं नाही, सैल नाही, कांदाही नाही! बकारामभाऊ न सांगता मागे बसले. "दोगं असलेलं बरं," म्हणाले.

त्या सहा किलोमीटरबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही. हवा तव्यासारखी तापलेली. झाडांना पानं नाहीत, तरी आत काही दिसत नाही, सगळंच तपकिरी. मधेच एक वानर खोकलं. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, वानर उगीच खोकत नाही.

"वानर बोलते," बकारामभाऊ म्हणाले.

"तुम्ही बोलू नका!"

फाट्यावर कोणी नाही. पानठेल्यावर ताडपत्री, मालक दुपारचा घरी. हापशीजवळची ओल वाळलेली. आणि निवाऱ्यात मामाजींची पिशवी. नुसती पिशवी! आत लोणच्याची बरणी आणि बीपीच्या गोळ्या.

"मामाजी!" मी हाक मारली. "मामा..."

"भाऊ," बकारामभाऊंनी माझा दंड धरला. "ते पाहा."

रस्त्याच्या खाली, मोरीच्या तोंडाशी, बोराटीच्या काट्यात एक पांढरा दुपट्टा अडकला होता. मी शिवून पाठवलेला. कडेची शिलाई मी ओळखली.

आम्ही उतरलो. पाय माझे होते, पण ते मला विचारत नव्हते. मोरी म्हणजे रस्त्याखालचा सिमेंटचा मोठा नळ. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत काळोख. आणि त्या काळोखातून आवाज आला.

घर्रर्रर्र.

बकारामभाऊ माझ्या कानाशी आले. "उनाळ्यात वाघ मोरीतच बसते. थंडं रायते ना."

मी वाकलो. का वाकलो, माहीत नाही. सुनंदाचा चेहरा डोळ्यांपुढे होता, म्हणून वाकलो असेन. काळोखात काहीतरी आडवं पडलं होतं. त्यावर पट्टे होते. पिवळट अंगावर काळे, रुंद, स्पष्ट पट्टे. आणि ते पट्टे श्वासाबरोबर वरखाली होत होते.

घर्रर्रर्र!

आता जे सांगतो ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत लाजिरवाणं आहे. मला वाटलं, मामाजी त्याच्या पोटात आहेत. आणि तरीही मी पळालो. काठी उचलली नाही, दगड उचलला नाही, हाकसुद्धा मारली नाही. चढ चढून गाडीपाशी आलो तर बकारामभाऊ आधीच मागच्या सीटवर बसलेले! किल्ली लागेना. ती नुसती टाकीवर टणटण वाजत होती.

"मारा ना किक, मारा ना!"

"मारतोय!"

"अवो जवाईबुवा!" मागून आवाज आला. "आज दुसऱ्यांदा सोडून चालले का मले?"

वळून पाहिलं. मोरीतून मामाजी बाहेर येत होते. अंगात ओलं बनियन आणि खाली पिवळ्या कापडाची काळ्या पट्ट्यांची चड्डी. सदरा आणि पायजमा हापशीवर भिजवून त्यांनी मोरीत अंथरले होते आणि वर मस्त झोपले होते. दुपट्टा बाहेर वाळत घातला होता.

"वाघाचं भेव नाई वाटलं?" बकारामभाऊंनी विचारलं.

"फलकावर लिवलं हाये ना, एकट्यानं थांबू नये. म्हनून आतमंधी जाऊन झोपलो." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय, दुपट्टा कुठी हाये तुमचा?"

मी त्यांचे पाय धरले. तिथेच, तापलेल्या डांबरावर. ते म्हणाले, "उठा, गुडघे भाजतीन." एका गाडीवर आम्ही तिघं परत आलो. सुनंदा दारातच उभी होती. बापाला पाहून ती मग रडली.

मला अर्थातच ऊन लागलं. दिवेलागणीपर्यंत अंग तापून निघालं. मी आत खाटेवर, कपाळावर ओली पट्टी, आणि बाहेर ओसरीवर मामाजी नि बकारामभाऊ दोघं आमरस खात बसलेले. सुनंदा पट्टी बदलायला आली. इतक्या मायेने तिने माझ्याकडे कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बाबानं सांगतलं मले," ती म्हणाली. "तुम्ही वाघाची पर्वा केली नाई. सरळ मोरीत घुसले अन् हाताले धरून त्याइले बाहेर काढलं."

बाहेर मामाजी मोठ्याने खाकरले. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता. आजारी माणसालासुद्धा कळला असता. मी फक्त "हूं" म्हणायला हवं होतं. एवढंच! एक "हूं"!

"नाही गं," मी म्हणालो. "मी पळालो."

(बकारामभाऊ माझ्याही आधी पळाले होते, हे मात्र मी सांगितलं नाही. तेवढं मन मी मोठं केलं.)

सुनंदाने माझ्या कपाळावरची पट्टी उचलली, तांब्यात बुचकळली, घट्ट पिळली आणि बाहेर गेली.

"घ्या बकारामभाऊ," तिचा आवाज आला. "तुमाले बी ऊन लागलं असन. तुम्हीच गेलते ना आत?"

"हूं," बकारामभाऊ म्हणाले.