भट्टीच्या मापाचा पाया

आमच्या शाळेच्या दुरुस्तीचा अर्ज माझ्याच वयाचा आहे, असं आई म्हणायची. ते काही खरं नव्हतं, कारण मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पण वाढवून सांगितल्याशिवाय आईला राग काढताच यायचा नाही, आणि तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय.

शाळा भिलाईजवळच्या मरोदा गावाच्या पलीकडं एका खेड्यात होती. मातीच्या दोन खोल्या, वर कवेलू म्हणजे आपली कौलं, आणि एका खोलीच्या आढ्याला खालून लाकडी बल्लीचा टेकू. मुरमाचे डंपर रस्त्यानं गेले की कवेलू खडखडायचे आणि आम्ही पोरं पाटीवर पडलेली लाल धूळ फुंकून पुढचं अक्षर काढायचो. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईत कारखाना उभा राहतोय, माणसं कमी पडताहेत, असं ऐकून बाबा आले आणि ठेकेदाराकडं काँक्रीटच्या कामावर लागले. क्वार्टर मिळायचं ते पर्मनंट नोकरीवाल्यांना. आम्ही त्या खेड्याच्या कडेला झोपडी घातली. आमच्यासारखी आणखी दहाबारा घरं होती, सगळी विदर्भातली, सगळ्यांचे पुरुष बाबांच्याच गँगमध्ये.

शाळा पाचवीपर्यंतच होती आणि मी पाचवीत होते. कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या नव्या शाळेत आमचा नंबर लागण्यासारखा नव्हता. म्हणजे गावात सहावीचा वर्ग उघडला नाही तर माझी शाळा संपली. आई कामावर जाणार आणि मी धाकट्या भावाला सांभाळत घरी बसणार, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. बाबा नागपूरला दीक्षा घेऊन आले तेव्हापासून पोरीला शिकवायचं एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. पण मनाशी धरून वर्ग उघडत नसतो.

गुरुजी तिकडचेच, छत्तीसगढी. अंगानं काटकुळे, स्वभावानं भित्रे, पण चिकट. दर महिन्याला सायकल दामटत शिक्षणाच्या ऑफिसात जायचे आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचे. ऑफिसवाले म्हणायचे, कारखान्याच्या नकाशात हे गाव राहणार की उठणार ते ठरू द्या, उठणाऱ्या गावात खर्च कशाला? नकाशा ज्यांच्याकडं होता ते कारखानेवाले म्हणायचे, शाळा आमची नाही. सहावीचं विचारलं तर आणखी मजा. खोली असेल तर वर्ग मिळेल आणि वर्ग चालू असेल तर खोली मिळेल. आईनं हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "अन् लगन झाल्यावर पोरगी पाहू म्हनाव," ती म्हणाली.

उन्हाळा लागला आणि बाबांनी सुट्टीच्या दिवशी गँगला शाळेपुढं गोळा केलं. "सरकार देईन तवा देईन. खोली आपनच बांधून टाकू," ते गुरुजींना म्हणाले. गुरुजींनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग हो म्हणाले. गावानं तलावाच्या पाळीजवळ पडलेला दगड दिला. ठेकेदारानं गाठी पडलेलं, नाकारलेलं सिमेंट न्यायला परवानगी दिली; ते फोडून, चाळून निम्मंअर्धं तरी कामाला येत होतं.

आता इथं आमच्या माणसांची गोष्ट सांगायला हवी. ही माणसं गावाकडं शेतमजूर होती. बांधकाम म्हणून जे काही शिकली ते कारखान्यात, आणि तेही भट्ट्यांच्या आणि मशिनींच्या पायाचं. जमिनीच्या वर काय बांधतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण पाया भरून झाला की गँग पुढच्या खड्ड्यावर. पायात कुठं पोकळ निघालं की कारखान्यावरचा रूसी, म्हणजे रशियन साहेब सगळं फोडायला लावायचा. ती धास्ती त्यांच्या हाडात बसलेली.

त्यामुळं एका वर्गाच्या खोलीसाठी त्यांनी खणायला सुरुवात केली आणि खणतच राहिले. बाबा खड्ड्यात उभे राहिले तर वरून फक्त मुंडासं दिसायचं. गावातला एक म्हातारा रोज काठी टेकत यायचा आणि विचारायचा, "भट्ठी बनावत हव का गा?" बाबांना त्यात गंमत वाटायची नाही. ते म्हणायचे, "बाबाजी, काली मिट्टी है. इसका भरोसा नहीं." दगड रचले, काँक्रीट ओतलं, सळईनं ठोकून ठोकून बसवलं. वर आलेल्या जोत्यावर ओली पोती अंथरली. आईनं आणि मी तलावावरून घागरी आणून एकवीस दिवस पाणी मारलं. जोत्यावर पाय ठेवायला पोरांनाच काय, गुरुजींनाही मनाई होती.

आणि पोती उचलली त्या दिवशी लक्षात आलं की दगडही संपला होता आणि सिमेंटही. जूनचे शेवटचे दिवस होते. जोतं होतं, छान, सपाट, गुळगुळीत. भिंतींना काही उरलं नव्हतं.

"सारं पायातच पुरलं तुमी," आई म्हणाली. "आता भिती काय वाऱ्याच्या बांधून राहिले?"

माझ्या बाबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली मान घातलेलं पाहिलं. खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही, राग आला. इतका की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. साधी झोपडी बांधली असती तरी वर्ग झाला असता, असं मला वाटत होतं, आणि सहावी माझ्या डोळ्यांदेखत त्या खड्ड्यात गाडली गेली होती.

शाळा उघडली त्या सकाळी आईनं मला उठवलं, वेणी घातली आणि हातात दप्तर दिलं. मी म्हटलं, "आता कावून जाऊ? पाचवी त पास झाली मी."

"चाल मुकाट्यानं." तिनं जोतं झाडलं, त्यावर गोणपाटाचा बोरा टाकला आणि मला त्यावर बसवलं. "वर्ग चालू पाह्यजे ना त्याहिले? बस मंग. हा चालू झाला."

थोड्या वेळानं गँगमधल्या घरांची आणखी चार पोरं आली. मग गावातली तीन आली. त्यांच्या घरी आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं, पण जोत्यावर आम्ही एकाच बोऱ्यावर बसलो. गुरुजी घाबरले. परवानगी नाही, पुस्तकं नाहीत, नोकरी जाईल. आईनं त्यांना शांतपणे सांगितलं की ते पाचवीला शिकवताना जरा मोठ्यानं बोलले तरी आमचं भागेल. तासाभरानं गुरुजींनी रजिस्टर काढलं, नवीन पान उघडलं आणि वर लिहिलं, कक्षा छठवीं. अक्षर मात्र नेहमीसारखंच सुंदर.

पावसात आम्ही जुन्या खोलीच्या ओसरीत शिरायचो, उघडीप झाली की परत जोत्यावर. भादव्यात टेकूची बल्ली सरकली आणि जुन्या खोलीची मागची भिंत बसली. रविवार होता, म्हणून सगळे वाचलो. मग मात्र इतक्या वर्षांत न आलेला शिक्षणखात्याचा साहेब आठवड्यात आला. जीपमधून उतरला, सोबत एक ओव्हरसियर. साहेबाच्या हातातला कागद शाळा बंद करायचा होता, इमारत धोक्याची म्हणून. पोरं दुसऱ्या गावाला पाठवायची, आणि तीही पाचवीपर्यंतची. सहावी त्याच्या कागदात नव्हतीच.

त्यानं पाहिलं तर सगळी शाळा जोत्यावर बसलेली. ओव्हरसियर खाली वाकला, कडेनं माती उकरली, हातोडीनं ठोकून पाहिलं, आणखी उकरलं. मग विचारलं, हे कुणी भरलं? नाईट ड्यूटी करून आलेले बाबा पुढं झाले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"साहब," ओव्हरसियर म्हणाला, "इसपर तो दुमंजिला खड़ा हो जाएगा."

दोघं बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. नकाशाचा निकाल लागेपर्यंत नव्या बांधकामाला मनाई होती. पण हे नवं थोडंच होतं? अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला कुणी मना केलेलं नव्हतं, आणि इतका खोल गेलेला पाया म्हणजे अर्धवट राहिलेलं काम नाही तर काय? बाबांनी साधी झोपडी बांधली असती तर ती अर्धवट ठरली नसती आणि साहेबानं तीही बंद केली असती. हे मला तेव्हा कळलं आणि मला माझी लाज वाटली. भिंती उभ्या राहायला पुढं दीड वर्ष गेलं, ते वेगळं. सरकारचा पाय आमच्या पायापेक्षा जड होता. पण शाळा बंद करायचा कागद साहेबानं घडी घालून खिशात ठेवला.

दुसरा कागद जोत्यावरच लिहिला गेला. पाया लोकांनी स्वखुशीनं, श्रमदानानं भरला आहे, पुढचं काम खात्यानं करावं. गँगतर्फे सही बाबांची. बाबांना सही येत नव्हती. ओव्हरसियरनं शाईची डबी पुढं केली, बाबांनी अंगठा उठवला. अंगठा कुणाचा ते शेजारी दुसऱ्यानं लिहावं लागतं, म्हणून ओव्हरसियरनं पेन काढलं.

"थांबा साहेब," बाबा म्हणाले. "माही पोरगी लिहीन. सहावीत हाय ते."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेबानं माझ्याकडं पाहिलं, मग गुरुजींच्या रजिस्टरकडं, मग परत माझ्याकडं. ओव्हरसियरचं पेन त्यानं स्वतःच्या हातानं घेतलं आणि मला दिलं.

मी बाबांच्या अंगठ्याशेजारी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. लिहिणारीचं नाव खाली लिहावं लागतं, ते लिहिलं. त्याच्यापुढं लिहिलं, कक्षा छठवीं. साहेबानं कागद उचलून वाचला, तेवढ्या दोन शब्दांवर थांबला, आणि न खोडता खाली आपली सही केली.