योगेंद्र सरांचं एक चुकीचं उत्तर

वर्ध्यात योगेंद्र सरांच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागते. भाजी अळणी लागली तर तुम्ही-आम्ही काय म्हणतो? मीठ वाढा म्हणतो आणि मोकळे होतो. सर तसं म्हणणार नाहीत. सर ताटावरून हात मागे घेतात, डोळे मिटतात आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात सुरू करतात, "एक धातू असा, की ज्याला सुरीनं कापता येतं आणि पाण्यात टाकला तर जो नाचत नाचत पेट घेतो. एक वायू असा, हिरवट पिवळा, की जो लढाईत माणसं मारायला सोडला होता. या दोन नाठाळांचं लग्न लावलं, तर जे सुशील अपत्य होतं, ते जरा वाढा."

त्यांच्या पत्नी बेबीताई तोवर अर्धी पोळी खाऊन बसलेल्या असतात. "मीठ म्हना न सीधं! घासभर अन्न सुखानं खाऊ देत नाई बाप्पा हा मानूस."

घराणं खरं दुकानदारीचं. वडिलांनी लहानपणी गल्ल्यावर बसवून पाहिलं. पोरगं काय करी, तर गिऱ्हाइकानं दिलेलं नाणं उलटसुलट करून त्यात कोणकोणते धातू आहेत ते त्यालाच ऐकवी. दोन गिऱ्हाइकं नाणं परत घेऊन शेजारच्या दुकानात गेली, तेव्हा बापानं हात जोडले आणि पोराला कॉलेजात घातलं. तिथून ते बाहेर आलेच नाहीत. शिकले तिथंच अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत म्हातारे झाले.

शिकवायचे मात्र जीव तोडून, उगीच खोटं कशाला बोलू. मूलद्रव्य कधी नावानं सांगायचे नाहीत. आधी त्याचे गुण, मग ते कोणाला कसं सापडलं त्याची हकिकत, मग ते तुमच्या घरात कुठं दडून बसलंय ते, आणि शेवटी बोट रोखून, "ओळखा!" पोरांना नावं आयुष्यभर पाठ झाली. पण माणसाची एक वाईट खोड होती. अर्ध्या मार्कासाठी सर सख्ख्या पोटच्या पोरीला सोडायचे नाहीत, आणि हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही. त्यांची रुचिका त्यांच्याच वर्गात होती. चांदी काळी का पडते, असा प्रश्न होता. पोरीनं लिहिलं, हवेतल्या ऑक्सिजनमुळे. सरांनी लाल पेनानं खोडलं, 'गंधकामुळे' असं वर लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. त्या अर्ध्या मार्कानं तिचा वर्गातला पहिला नंबर गेला. दोन दिवस पोरगी जेवली नाही. बेबीताईंनी घर डोक्यावर घेतलं. सर ढिम्म. "चुकीच्या उत्तराले मार्क देल्ला तं उद्या ते पोरगं सारं जगच चुकीचं शिकीन," म्हणाले आणि पेपर तपासत बसले.

रिटायर झाल्यावर वर्ग सुटला, पण खोड कुठं सुटते? वर्ग नाही म्हटल्यावर ती सगळी पाहुण्यांवर निघू लागली. आणि नेमके तेव्हाच रुचिकाला पाहायला पाहुणे येऊ लागले.

पहिलं स्थळ नागपूरचं. मंडळी बसली, पोहे झाले, चहा आला. मुलाचे काका सहज म्हणाले, माचिस आहे का. झालं! सर खुर्चीत पुढं सरकले. "साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका माणसाला सोनं करायचं होतं. सोनं पिवळं, म्हणून त्यानं दुसरी एक पिवळी वस्तू घेतली. माणसाची लघवी! पिंपंच्या पिंपं जमवली, चांगली कुजू दिली, मग आटवत आटवत..." काकांनी हातातल्या चहाकडे एकदा पाहिलं आणि कप खाली ठेवला. अंधारात चमकणारं जे काय त्या भांड्यातून निघालं असेल ते असो, पाहुणे त्याच्या आधी निघाले. सर दारापर्यंत मागं गेले, "फॉस्फरस! माचिसच्या पेटीच्या कडेला असतो!" असं सांगत. उत्तर न देता कोणाला जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

दुसरं स्थळ यवतमाळचं. मुलाची आई देवाधर्माची. बारक्या पोरानं फुगा आणला होता, तेवढं निमित्त पुरलं. "हा वायू पृथ्वीच्या आधी सूर्यावर सापडला. कसा? तर आपल्याच देशात, गुंटूरला, खग्रास ग्रहण लागलं असताना..." मुलगी पाहायच्या टायमाला ग्रहण! बाईंनी पदर सावरला आणि तशाच उठल्या. जाताना फुगासुद्धा पोराच्या हातून काढून ठेवला, आणि सरांचं "हेलियम!" त्यांच्या पाठीवर आदळलं.

तिसऱ्या खेपेला रुचिकानंच मुलगा सांगितला. नीलेश. अल्लीपूरच्या ताराचंद भांडेवाल्यांचा मुलगा. त्यांच्याच समाजातला, शिकलेला, बापाचं दुकान सांभाळून वर्ध्यात दुसरं टाकायच्या खटपटीत. दोघांची ओळख वर्षभराची. स्थळ जुळलं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी पोरगी बापासमोर येऊन बसली.

"बाबा, मले नीलेश पसंत हाय. मनापासून. हे मोडलं तं मी दुसरं पाह्यनार नाई. उद्या तिथं एक बी कोडं घालायचं नाई."

"एक बी नाई?"

"नाई."

"अन् मीठ लागलं तं?"

"अळणी खाजा," रुचिका म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

अल्लीपूरला ताराचंदच्या घरी मांडव टाकलेला. सर मूग गिळल्यासारखे बसले. समोर काय कमी होतं? माळेवरचे दिवे, पोरांच्या हातातले फुगे, फटाक्यांतला हिरवा रंग. प्रत्येक वस्तू त्यांना नावानं हाक मारत होती. ताराचंद शेजारी होते. बुटका, गप्प माणूस, बोलला तर होकाराचं 'हाव' तेवढं म्हणायचा. अंगठ्या घातल्या, कुंकू लागलं, सगळं सुरळीत पार पडलं. सर शब्दाला जागले. बेबीताई तर त्यांच्याकडे पाहून चक्क हसल्या.

मग पंगत बसली. आणि प्रमिलाबाई, म्हणजे नीलेशची आई, आतून एक भलं मोठं ताट घेऊन आल्या. कंगोऱ्याचं, लखलखीत. व्याह्यांच्या पुढ्यात मांडलं आणि कंबरेवर हात ठेवून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलल्या.

"सर, हे ताट माह्या बाबांनी लग्नात देल्लं. अस्सल चांदी! माहेरून आली तवापासून सांभाळून राह्यली मी."

मांडवाच्या खांबाला टेकून ताराचंदची बहीण उभी होती. तिनं नाक मुरडलं. या ताटावरून नणंद-भावजयीची लग्नापासून जुंपलेली, हे पंगतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. भावजयीच्या बापाची चांदी द्यायची ऐपत नव्हती, असं नणंदेचं म्हणणं.

वाफाळता शिरा ताटाच्या मधोमध पडला. सरांनी सवयीनं कडेला बोट लावलं.

कड गार.

सरांनी बोट उचललं आणि पुन्हा लावलं. चांदीसारखी उष्णता पळवणारा दुसरा धातू नाही. खरी चांदी असती तर शिरा पडताक्षणी कड हाताला चटका देती. त्यांनी हळूच मान वाकवून कंगोऱ्यात पाहिलं. घासणी पोचत नाही त्या खाचेत हिरवट झाक होती. म्हणजे तांबं. तांबं, जस्त आणि निकेल. निकेल! ज्या दगडाला खाणीतले जर्मन लोक तांबं समजले, भट्ट्या पेटवून थकले, तांबं काही निघेना, म्हणून ज्याला त्यांनी भुताचं नाव दिलं, तो फसवा धातू! जर्मन सिल्वर! ज्यात सिल्वर औषधालाही नसतं! सरांच्या गळ्यापर्यंत कोडं चढून आलं. त्यांनी शिऱ्याचा मोठा घास घेतला आणि त्याच्याबरोबर ते गिळलं.

इतक्यावर निभावलं असतं. पण प्रमिलाबाईंना राहवेना.

"अन् पाहा सर, इतक्या वर्षांत एकदा बी काळं पडलं नाई!"

अहो, काय बोलल्या ह्या बाई! सोन्यासारख्या मनानं, भर पंगतीत, आपल्याच विरुद्ध साक्ष दिली. सरांनी वर पाहिलं. समोर नीलेशच्या शेजारी रुचिका बसली होती. तिचा हात घास घेता घेता थांबला होता. चांदी काळी का पडते, हे त्या मांडवात दोनच माणसांना माहीत होतं, आणि दुसरीला ते शिकायला अर्धा मार्क पडला होता. पोरीचा चेहरा उतरला. तिनं बापाकडे पाहून अगदी थोडी मान हलवली.

"हाव, सर," खांबाजवळून नणंद म्हणाली, "तुमी तं रसायनवाले. सांगाच आज सगळ्याईले. आमाले बी समजू द्या."

"सांगा, सर!" प्रमिलाबाईंचा आवाज चढला. "एकदाचं सांगाच!"

"अवो, शिरा गार होऊन राह्यला, खाऊ द्या त्याईले," ताराचंद घाईघाईनं मधे पडले. दिवसभरातलं हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर भांडी विकलेला माणूस. गुलाबी फेट्याखाली कपाळावर घाम आलेला, आणि नजर ताटावर नाही, बायकोच्या तोंडावर.

सारी पंगत थांबली. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना 'ओळखा' म्हटलं, त्याला आज कोणी तरी आपणहून विचारलं होतं. किती वर्षं वाट पाहिली होती त्यांनी असल्या वर्गाची! सगळ्यांचे कान टवकारलेले, एकही पोरगं जांभई देत नाही. उत्तर येतं, कारणं येतात, इतिहाससुद्धा येतो. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"चांदी आहे," सर म्हणाले.

"कायवरून?" नणंद काही सोडायला तयार नव्हती.

सरांनी ताटाकडे पाहिलं, मग पोरीकडे. लाल पेनानं हजारो वेळा खोडलेलं वाक्य होतं ते. त्यांनी ते सावकाश, शब्द न शब्द स्पष्ट उच्चारून म्हटलं.

"काळी पडली नाही, यावरूनच. शुद्ध चांदी कधी काळी पडत नाही."

"घ्या!" प्रमिलाबाई नणंदेकडे वळल्या. "ऐकलं? आता बोला!" आणि पुढं काही बोलायला गेल्या तर त्यांना रडूच आलं. पदरानं डोळे पुसत त्या सरांना आणखी शिरा वाढू लागल्या. नणंद आत निघून गेली. शिरा खरंच गार झाला होता, पण सरांनी तो सगळा संपवला.

हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर पाण्याचा तांब्या घेऊन ताराचंद हजर. हातावर पाणी घालता घालता खालच्या आवाजात म्हणाले, "सर, आमच्या धंद्यात त्याले जर्मन सिल्वर म्हनतेत."

"तुमाले माहीत होतं?"

"वरातीतून घरी आलो अन् हातात घेतलं तवाच. वजनच बोलते न."

"मंग कधी सांगतलं काऊन नाई?"

ताराचंदनी तांब्या खाली ठेवला. "तिचा बाप चांदी समजूनच देऊन गेला, सर. लय गरीब होता बिचारा, पन पोरीसाठी त्यानं ते आनलं. बायको त्या ताटात बापाले पाह्यते. दिवाळीले मी सोता घासतो ते, दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाई. हिरवं दिसलं तं बहीण ओळखीन. लोक मले बायकोचा गडी म्हनतेत. म्हनू द्या."

सरांनी ओल्या हातानंच ताराचंदचे हात धरले.

परतीच्या गाडीत बेबीताईंचं तोंड पुढच्या सीटवरून थांबत नव्हतं. "चांदीचं ताट, बाप्पा! केवढं मोठं! अन् तुमी गप्प बसले, मले तं भरोसाच नोता." वर्ध्याच्या अलीकडे त्यांना डुलकी लागली. मागं बापलेक दोघंच जागे.

"बाबा," रुचिका म्हणाली, "चांदी काऊन काळी पडते?"

"हवेतल्या गंधकानं," सर म्हणाले. "तुले माहीत हाय."

"मंग तुमी उलटं सांगतलं न साऱ्या पंगतीले."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "काट अर्धा मार्क."

रुचिकानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि घर येईपर्यंत उचललं नाही.