रस्त्यावरचं धोंडस

ठमा सात-आठ वर्षांची असताना कणगीआड बसून तिनं एक भांडण ऐकलं. हौसाआत्या म्हणत होती, "पोरीला शालंत घाल." बाप म्हणाला, "भाकर गोल येते तिला. अजून काय शिकायचं हाय?" "तलाठी म्हनंल तिथं तू आंगठा लावतोस, तशीच तीबी लावंल," आत्या फणकारली. आत्या हरली. ठमाला मात्र ती हरलीशी वाटली नाही.

पुढं ठमाबाई लग्न होऊन भिवंडीला, कामतघर भागात आली, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरू लागली. चाळिशी उलटल्यावर एका ताईंनी चाळीच्या ओट्यावर बायकांसाठी मराठीचा वर्ग काढला, तर सगळ्यांच्या आधी हीच जाऊन बसली. अठ्ठ्याहत्तर सालचा पंधरा ऑगस्ट आला, ओट्यावर झेंडावंदन ठरलं. ठमाबाई म्हणाली, "गोडाचं माझ्याकडं. काकडीचं धोंडस करते."

धोंडस म्हणजे तांदळाच्या रव्याचा नि गुळाचा आपला केक. खाली विस्तव नि झाकणावर निखारे, तरच फुलतो. स्टोव्हचं ते काम नाही. तिनं सकाळीच ओट्यावर शेगडी पेटवली.

चाळमालक केसरीनाथशेठ इस्त्रीचे कपडे घालून आला. "विझव ती. इथं कापसाची धूळ उडते. पेढे मी आणलेत. शेगडी राहिली तर उद्यापासून वर्ग बंद."

धुळीचं खरंच होतं. पण त्याच ओट्यावर शेठचा मुकादम रोज विड्या ओढायचा.

"ओटा तुमचा शेठ, रस्ता तं तुमचा न्हाय ना?" असं म्हणून ठमाबाईनं शेगडी उचलली नि रस्त्याकडेला मांडली, वर पातेलं. पाऊस भुरभुरू लागला. आझमगडहून येऊन मराठी शिकणाऱ्या जमीलाखालानं छत्री उघडली, ती निखाऱ्यांवर धरली. "आग बचाओ भाभी, आदमी तो सूख जाएगा."

एकेक करून सगळ्या बायका रस्त्यावर उतरल्या. ताईंनी फळाही आणला. ओट्यावर शेठनं झेंडा फडकवला, राष्ट्रगीत मात्र रस्त्यावरून झालं. ठमाबाई चिमटा हातात धरून ताठ उभी. धोंडस बुडाला जरा लागलंच. तिनं पहिली वडी शेठला नेऊन दिली. त्यानं ती खाल्ली, अन् दुसऱ्या दिवशी ओट्याला पत्रे ठोकून तो बंद केला.

वर्ग खालाच्या दारात भरू लागला. तिथंच ठमाबाई वाचायला शिकली, लिहायला शिकली आणि गल्लीचे अर्ज लिहू लागली, ते आयुष्यभर.

वारली त्या दिवशीही सकाळी तिनं शेजारणीचा रेशनकार्डाचा अर्ज लिहिला, पदर खोचून चालत कचेरी गाठली. "मोठ्यानं वाच रं बाबा, चुकलं असंल तं आत्ताच सांग," असं कारकुनाला बजावलं आणि पोच घेऊन बाराच्या आत घरी आली.