राणीच्या बागेतलं इरकल

"इलाख्याची राजधानी हाय, पोरींनी एकदा बघाय पायजे की," असं वडील सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते. गिरणीतल्या हजेरी कारकुनानं दोन पोरींना मुंबई दाखवायला न्यावं, ह्यावर सोलापुरात कुणाचा विश्वास बसणार? माझाही बसला नव्हता. आई आणि वडील चुलीपाशी हळू आवाजात बोलत होते ते मी ऐकलं होतं. मुंबई मी बघायची नव्हती. मुंबईनं मला बघायचं होतं.

तोवर मला पाच नकार आले होते. एकाला रंग नको, एकाला उंची नको, तिघांनी कारणसुद्धा सांगितलं नाही, पोहे मात्र खाऊन गेले. नकार आला की गल्लीतल्या बायका आईला मुद्दाम विचारायला यायच्या. म्हणून ह्या वेळी गिरगावातल्या मावशीनं युक्ती काढली. फिरायला गेलेल्या मुलीला मुलाकडच्यांनी लांबूनच बघायचं. नकार आला तरी गावात बोभाटा नाही. मला अठरावं लागलं होतं, पाठची बहीण पंधराची. माझं जमेपर्यंत तिचंही अडलेलं. हे सहावं स्थळ हातचं गेलं तर मी विहीर जवळ करीन, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

कधी बघणार आणि कुठं, हे मात्र मला कळलं नव्हतं.

मावशीच्या खोलीत पोचलो तर मावशीला नेमका कावळा शिवलेला. पडद्याआड कोपऱ्यात बसून ती तिथूनच हुकूम सोडत होती. "त्ये डाळिंबी काठाचं इरकल आणलंयस न्हवं? त्येच नेस. दिवसभर त्येच." स्वयंपाक आम्ही दोघी बहिणींनी केला आणि मावशीचे यजमान, म्हणजे काका, वडील आणि आम्ही दोघी असे चौघे सकाळी बाहेर पडलो.

विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा पाहिला. म्हणजे बाकीच्यांनी पाहिला. मी मान वर केली नाही, कारण मान वर करून तोंड उघडं टाकलेली मुलगी कुणाला आवडेल? म्युझियममध्ये दगडी मूर्ती होत्या म्हणतात. मी त्या सकाळी मुंबईत काय पाहिलं विचाराल, तर टोप्या पाहिल्या. काळी टोपी दिसली की पदर सारखा करायचा, पाऊल लहान टाकायचं, ओठ मिटायचे. जीव नुसता टांगणीला लागला होता. बहीण म्हणाली, "आक्का, तुझं पोट दुखतंय का गं?"

अपोलो बंदरावर समुद्राकाठची ती मोठी कमान नवीकोरी उभी होती. तिथं एक तरुण दोन म्हाताऱ्यांबरोबर उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. एकदा नव्हे, तीनदा. मी कमानीच्या सावलीत जीव मुठीत धरून उभी राहिले. म्हाताऱ्यांपैकी एकानं मान हलवली आणि ते निघून गेले. मला वाटलं, झालं! बघून गेले आणि मान हलवून गेले. एवढ्यात बहीण पायऱ्या उतरून पाण्याशी गेली आणि लाटेनं कमरेपर्यंत भिजली.

दुपारी खोलीवर आलो. तिचं एकुलतं एक चांगलं लुगडं खाऱ्या पाण्यानं चिंब झालेलं. संध्याकाळी राणीच्या बागेत जायचं होतं, आणि ती रडकुंडीला आलेली. माझी परीक्षा तर संपली होती. मी माझं इरकल सोडून तिला नेसवलं आणि स्वतः घरातलं विटकं लुगडं गुंडाळलं. वडील आणि काका बाहेर ट्रामची वाट बघत होते. पुरुषांना लुगड्यातलं काय कळतंय! पडद्याआडून मावशीनं विचारलं, "इरकल नेसलीस न्हवं गं?" मी "व्हय" म्हटलं. एवढ्यासाठी कशाला बोलणी खायची?

राणीच्या बागेत मी खरोखर मुंबई पाहिली. हत्ती पाहिला, मोर पाहिला. पिंजऱ्यातून हात काढून एका माकडानं काकांची टोपी ओढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली, तेव्हा मी पोट धरधरून हसले. दिवसभर टोप्यांनी छळलं होतं ना! शेजारी एक पोक्त बाई उभ्या होत्या. बहिणीला त्यांनी गाव विचारलं, ती लाजून खाली बघत राहिली. त्यांच्यामागे एक तरुण होता. त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी मावशीच्या पत्रात घातलेलं मुलाच्या आईचं पत्र आलं. वडील ओसरीवर मोठ्यानं वाचू लागले, "मुलगी पसंत आहे." आई आतून धावत आली आणि माझ्या तोंडात साखर घातली. गेल्या दोन वर्षांत आईचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. वडिलांचे डोळे भरून आले होते, ते पुसून त्यांनी पुढं वाचलं.

"आपण कळवलेल्या खुणेप्रमाणे डाळिंबी काठाच्या इरकली लुगड्यावरून मुलगी लगेच ओळखली. वय लहान, स्वभाव लाजाळू, आमच्या मनाजोगती. सोबत थोरली कुणी होती, ती जरा मोठ्यानं हसते. पण तिचं आपल्याला काय!"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती रडत आत पळाली. वडिलांनी पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. काय विचारायचं होतं ते त्यांना विचारवेना, आणि माझी साखर अजून विरघळली नव्हती. ती गिळून मीच म्हणाले, "तिचं उरकून घ्या, अण्णा. माझं इरकल तिच्याकडंच राहू दे."